खुर्चीतली बाई

राजाराम धुरींना इंग्रजी वाचता येत नाही, आणि त्यांच्या सगळ्या शोधांचं मूळ तिथेच आहे. वाचता आलं असतं तर फोटोखाली काय लिहिलंय ते कळलं असतं, आणि कळलं असतं तर माणूस गप घरी बसला असता.

वय पासष्ट. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात ते लेथवर काम करतात. तरुणपणी गिरणीत बदली कामगार होते. गिरणी चार वर्षांत बंद पडली, पण यंत्राकडे टक लावून बघायची जी खोड लागली ती काही बंद पडली नाही. गाळ्याशेजारी रद्दीचं दुकान आहे. तिथे बारा वर्षांपूर्वी एका पोत्यातून जुन्या फोटोंचं जाडजूड बाड निघालं. परदेशी मासिकांतून कापून कुणीतरी हौसेनं चिकटवलेले फोटो, आणि सगळे चित्रविचित्र यंत्रांचे. एकाच मोठ्या चाकाच्या आत बसून गाडी हाकणारा मिशीवाला. डोक्यावर रेडिओची टोपी घालून रस्त्यातून चाललेला साहेब. अंथरुणात पडल्या पडल्या वाजवायचा पियानो. पावसात विझू नये म्हणून सिगारेटला इवलीशी छत्री. ऊन मिळावं म्हणून खिडकीबाहेर टांगलेला पिंजरा, आणि पिंजऱ्यात खुशाल बसलेलं गुटगुटीत बाळ. धुरींनी ते बाड रद्दीच्या भावानं उचललं आणि छातीशी धरून घरी आणलं.

तेव्हापासून रात्रीचं जेवण म्हणजे डाव्या हाताला बाड, उजव्या हाताला भात. समोर शेवंतीबाई, त्यांची बायको. फोटोतल्या यंत्रात एखादी बाई बसलेली दिसली की तिचा प्रश्न ठरलेला असायचा.

"ही बाई कोण हो?"

"कोण का असेना. तू यंत्र बघ."

"यंत्र बघतंय मी. पण ती हसता कशी बघा. भियाली हा बिचारी, तरी हसता. नाव काय असात तिचा?"

"नाव घेऊन काय करायचंय? ती फक्त बसलीय गो. बनवणारा वेगळाच असतो."

बनवणारा वेगळा असतो हे धुरींनी मनावर घेतलं आणि बनवायला बसले. ते विडीकाडी करत नाहीत, म्हणून छत्री बसवली ती उदबत्तीला. गॅलरीतल्या वाऱ्यात उदबत्ती विझली नाही, छत्री तेवढी जळली. मग झोपून टीव्ही बघायचा आरशांचा चष्मा केला. त्यातून बातम्यांची पट्टी उलटी, डावीकडून उजवीकडे पळायची, आणि बातमी देणारी बाई छताला लोंबकळायची. मग मिक्सरची मोटर काढून टोपीत पंखा बसवला. पंखा जागच्या जागी राहिला आणि टोपीच डोक्याभोवती गरगरायला लागली. शेवंतीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि मग मिक्सर गेला म्हणून आठवडाभर पाट्यावर खोबरं वाटताना तितक्याच करवादल्या.

या सगळ्याला धुरींचं एकच उत्तर. "फोटोत यंत्राची पुढची बाजू दिसते. मागची बाजू आपण करायची असते. तिथे थोडं इकडंतिकडं होणारच."

त्यांची बिल्डिंग दिंडोशीला. तळ अधिक चार मजले, प्रत्येक मजल्याला पुढून लांब कॉमन गॅलरी, आणि लिफ्ट नाही. धुरी चौथ्यावर. शेवंतीबाईंचे गुडघे आधी कुरकुरले, मग त्यांनी संपच पुकारला. गेले चौदा महिने बाई खाली उतरल्या नव्हत्या. बिल्डिंगमधल्या चार पोरांनी खुर्चीत बसवून उचलून न्यायची तयारी दाखवली, तर बाईंनी हात जोडले. "चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचा असता रे बाबांनो. त्याची रंगीत तालीम नको."

गौरीच्या दिवशी दुपारी खाली अंगणात फुगड्या होतात. शेवंतीबाईंना सगळी गाणी पाठ; बाकीच्या बायकांना पहिल्या दोन ओळी येतात आणि तिसऱ्या ओळीला सगळ्या शेवंतीकडे बघतात. मागच्या वर्षी त्यांनी चौथ्या मजल्यावरून फोनवर गाणं सांगितलं. खालचा आवाज वर उशिरा पोचायचा, वरचा खाली उशिरा. बायका एकमेकींवर आदळल्या आणि फुगडी मोडली. बाईंनी फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

लेक रश्मी दहिसरला चाळीत राहते, तळमजल्याला. ती म्हणाली, आई, माझ्याकडे ये, उंबरा ओलांडला की अंगण. खोली एवढीशी. त्यात आई मावेल, पण वडील, त्यांची हत्यारं आणि त्यांचं बाड मावणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. शेवंतीबाईंनी वर्षभर विचार केला आणि श्रावणात निकाल दिला.

"या गौरीक माका खाली उतरवलात तर हंयच रवान, हंयच मरान. नाय तर विसर्जन झाला की मी रश्मीकडे. मगे तेवढ्यापुरता बसान त्या पोरांच्या खुर्चयेत."

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं पहिल्यांदाच मुदत घातली होती. धुरी उठले. त्यांनी बाड काढलं.

सत्त्याण्णव नंबरच्या पानावर तो फोटो होता. उंच भिंत, भिंतीलगत दोरीला टांगलेली खुर्ची, वर एक मोठी कप्पी, आणि खुर्चीत टोपी घातलेली एक बाई पाय जुळवून बसलेली. कुठला देश, कशासाठी, काही पत्ता नाही. धुरींनी भिंगातून दोन तास बघितलं. दोरी कप्पीवरून भिंतीच्या मागे जात होती. म्हणजे मागे वजन असणार! त्यांनी मांडीवर थाप मारली.

गोष्ट विहिरीच्या रहाटाइतकी सोपी होती. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला वाळूनं भरलेले तेलाचे डबे. खुर्ची पुढच्या बाजूनं गॅलऱ्यांसमोरून उतरणार, डबे मागच्या डक्टमध्ये, कुणाच्या डोक्यात पडायला नकोत म्हणून. बसणारं माणूस डब्यांपेक्षा चार किलोनं जड असलं की खुर्ची हलकेच खाली येते. ते हलकं झालं की वर जाते; बसलेल्याला वर न्यायचं तर गच्चीवरून डब्यांना वाळूची एक जादा पिशवी अडकवायची. मध्ये लागला तर जुन्या स्कूटरचा ब्रेक, त्याची वायर खाली धुरींच्या हातात. शेवंतीचं वजन दवाखान्याच्या कागदावर होतं, चौसष्ट. धुरींनी त्यातून चार वजा केले, खुर्चीचं वजन मिळवलं आणि गाळ्यातल्या काट्यावर वाळू ग्रॅमपर्यंत मोजून भरली. कामात हयगय त्यांना खपत नाही.

आडवे आले ते सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश खरात. खरात दिंडोशी कोर्टात कारकून. मूळचे जालन्याकडचे, दुसऱ्या मजल्यावर आई सोनूबाईंबरोबर राहतात. कोर्टात राहून त्यांना एक सवय लागलेली: कुठल्याही गोष्टीला आधी हरकत घ्यायची.

"काका, माणूस लटकवायचा म्हणजे काय चेष्टा आहे? कठडा कापायचा, गच्चीवर लोखंड टाकायचं. उद्या काही झालं तर वाट लागेल माझी."

"तू बसून बघ."

"मी?"

"तुझं वजन किती?"

"पासष्ट."

"झकास! शेवंतीच्या मापाचा आहेस."

खरातांनी तीन वेळा नियम वाचला, घोटभर पाणी प्यायले आणि खुर्चीत बसले. पट्टा बांधला. धुरींनी ब्रेक सोडला. खुर्ची चौथ्यावरून निघाली आणि लोण्यातून सुरी जावी तशी खाली उतरली. तिसऱ्या मजल्यापर्यंत खरातांचे डोळे मिटलेले होते, दुसऱ्याला एक उघडला, पहिल्याला ते आईला हात करत होते. जमिनीला पाय लागल्यावर म्हणाले, "हरकत आहे. एकच फेरी? अजून एक द्या ना!" आणि उत्साहाच्या भरात, खुर्ची जमिनीशी बांधून ठेवायची साखळी न अडकवताच उठले. रिकामी खुर्ची भुर्रकन वर गेली, ती धुरींनी ब्रेक दाबल्यावर तिसऱ्यापाशी थांबली. त्या दिवशी खरातांनी पाच फेऱ्या मारल्या आणि कागदावर लिहून दिलं: तपासणी समाधानकारक.

गौरीच्या दिवशी दुपारी तीनलाच अंगण भरलं. गॅलऱ्यांतून माणसं ओणवी झाली. रश्मी दहिसरहून आली होती. आईचे कपडे भरायला म्हणून रिकामी बॅग घेऊन आली होती, आणि ती बॅग बघितल्यापासून धुरी ब्रेकची वायर पुन्हा पुन्हा तपासत होते. वर शेवंतीबाई नऊवारी नेसून, नथ घालून तयार. मांडीवर स्टीलचा मोठा डबा.

"काकी, डबा राहू द्या, मी आणतो," खरात म्हणाले.

"दोनशे लाडू आसत रव्याचे. चौदा महिन्यांनी खाली जातंय, रिकाम्या हातान जाव?"

खरातांनी पट्टा बांधला. खालून धुरींनी देवाचं नाव घेतलं आणि ब्रेक सोडला. खुर्ची हलली. खरातांच्या वेळेपेक्षा जरा रेंगाळतच हलली, पण हलली. टाळ्या वाजल्या. शेवंतीबाईंनी आधी घट्ट डोळे मिटले, मग उघडले, मग खाली बघितलं आणि चक्क शीळ घातली. तिला शीळ येते हे धुरींना चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

तिसऱ्या मजल्याला त्यांची फुगडीची जोडीदारीण सुगंधा कठड्याशी उभी. "गो बाये माझे! इलंस?"

"इलंय गो! ब्रेक मारा हो!" शेवंतीबाई ओरडल्या. धुरींनी ब्रेक मारला. बाईंनी डबा उघडला आणि तिसऱ्या मजल्याला लाडू वाटले. चार खोल्या, प्रत्येक घरात पाच माणसं, वर सुगंधाच्या पाहुण्यांना जास्तीचे. गोष्टी झाल्या. सुनेची चौकशी झाली. खालून धुरी ओरडले, "चार वाजले!" आणि ब्रेक सोडला. खुर्ची पाऊलभर कशीबशी सरकली. पुढे रखडत रखडत दुसऱ्यापाशी आली. तिथे सोनूबाई, खरातांच्या आई, वय ब्याऐंशी.

"ये माय, किती दिसानं दिसायलीस!"

त्या मजल्यालाही लाडू वाटले. सोनूबाईंनी नातवंडांच्या नावानं ओचा भरून घेतला. मग धुरींनी ब्रेक सोडला आणि अंगणातल्या शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत शेवंतीबाई वर जायला लागल्या.

सावकाश, अगदी मानानं. जशी पालखी निघावी तशी.

"अगो, वर खंय चललंस?" तिसऱ्यावरून सुगंधा किंचाळली.

"माका काय इचारतंस? त्यांका इचार!" शेवंतीबाई हसत सुटल्या. हसल्या की खुर्ची झुलायची, झुलली की जास्त हसायच्या. तिसऱ्याला जाऊन त्या सुगंधाला परत भेटल्या. धुरींनी ब्रेक दाबला. दोन पोरं दोरी धरून ओढायला धावली, त्यांच्यावर धुरी कडाडले, "हात लावू नका! झटका बसला तर दोरी कप्पीवरून उतरेल!"

पोरं जागीच थांबली. धुरी मान वर करून बघत होते. कप्पी ठीक. दोरी ठीक. ब्रेक ठीक. डबे ग्रॅमपर्यंत मोजलेले. मग बिघडलंय कुठे? आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड काही बरा वाटला नाही.

"शेवंती! तुझं वजन किती गो?"

चारही गॅलऱ्या फिदीफिदी हसल्या. "काका, भर अंगणात?" कुणीतरी ओरडलं.

"मी चौसष्ट धरलंय! कागदावर होतं!"

"कागद कधीचो तो?" वरून आवाज आला. बाई अजून हसतच होत्या. "दीड वर्षापूर्वीचो! अहो, अकरा किलो उतरलंय मी. रश्मीन काटो आणलेलो गणपतीआधी, त्रेपन्न भरलंय. तीनदा ब्लाउज आत घेतले, तुमच्यासमोर शिवणाचा मशीन चालवत होतंय. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? म्हणालात, मशीनीक तेल घाल, आवाज येतो."

हसू थांबलं. धुरींना आठवलं. तेलही त्यांनी स्वतःच घातलं होतं, तीन थेंब, अगदी बरोबर जागी.

"जेवत नाहीस?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा करायचा राहून गेला, पण अंगण इतकं शांत होतं की तो वर पोचला.

"रात्री जेवतंय ना तुमच्या समोर. दुपारी एकटीक जेवान जाणा नाय. च्या आणि खारी." मग शंभर माणसं ऐकतायत हे ध्यानात येऊन बाई लाजल्या. "होऊंदे ओ. आता माका खाली घेताय काय फोटोतल्या बायेसारखी हंयच ठेवताय?"

धुरींनी मनातल्या मनात हिशेब मांडला. बारा वर्षं हा माणूस जेवताना समोर बघत नव्हता. अकरा किलो म्हणजे जवळजवळ अर्धा डबा वाळू, आणि एवढं माणूस त्यांच्या घरातून कमी झालं, तर यांना मशीनचा आवाज तेवढा ऐकू आला. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

"खरात! तिच्या मांडीवर वजन ठेव! हळूहळू! लाडू गेले तेवढं तरी भरून काढ!"

मग जी धमाल उडाली तिला तोड नाही. सुगंधानं आधी तांदळाचा डबा दिला. मग कुकर, डाळीसकट. खुर्ची दुसऱ्यापर्यंत आली आणि तिथे पुन्हा हट्टाला पेटली. सोनूबाई आत गेल्या आणि शालीत गुंडाळलेला वरवंटा घेऊन आल्या. "धर माय, बाळावानी धर. माझ्या सासूचा हाय, पाडू नको." शेवंतीबाईंनी वरवंटा पदराखाली घेतला आणि थोपटला. खरात प्रत्येक वस्तू मोठ्यानं पुकारत होते, कोर्टात पुकारतात तसे: "वरवंटा, नग एक! दाखल!" खुर्ची निघाली. पहिल्या मजल्यावरच्यांना वाटलं आपणही काहीतरी द्यायला हवं, म्हणून त्यांनी गरज नसताना नारळ दिले, आणि शेवटचं अंतर खुर्ची जरा घाईतच उतरली. तांदूळ, कुकर, वरवंटा, नारळ आणि उरलेले लाडू, असा सगळा संसार मांडीवर घेऊन शेवंतीबाई जमिनीला टेकल्या. या वेळी साखळी आधी अडकवली.

रश्मीनं मोबाइलवर फोटो काढला तो ह्याच घडीचा. नथ वाकडी, डोळ्यांत पाणी, तोंड हसून उघडं, आणि वरवंटा पोटाशी.

बाईंनी एका हातानं धुरींचा खांदा धरला, पाऊल खाली ठेवलं. माती पायाला लागली तशी त्यांनी ती अंगठ्यानं जराशी उकरून बघितली. मग खुर्ची मागवून बसल्या आणि गाणं उचललं. तिसऱ्या ओळीला कुणीही अडखळलं नाही. सोनूबाईंनी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी सुगंधाबरोबर दोन गिरक्या घेतल्या, तेव्हा खरातांनी हरकत घेतली, पण ती कुणी ऐकली नाही.

संध्याकाळी रश्मीनं विचारलं, "आई, मग बॅग भरू ना?"

"भर. दोन दिवस येतंय तुझ्याकडे. आता उतरूक येता ना माका! परत सोडूक तू ये."

वर जायला त्यांना काहीच करावं लागलं नाही. मांडीवरचं सामान उतरवलं, साखळी काढली, धुरींनी ब्रेक जपून सोडला, आणि बाई उघड्या तोंडाच्या सगळ्या बिल्डिंगला हात करत चौथ्यावर पोचल्या.

दुसऱ्या दिवशी खरात आले. "काका, दहा मिनिटांचं काम आहे. अकरा किलो वाळू काढून टाका, विषय संपला."

"वाळू काढायची नाही."

"का पण?"

"यंत्र बरोबर आहे," धुरी म्हणाले. "कमी आहे ते दुसरीकडे. ते भरायचं."

गाळ्यावर त्यांनी सकाळची पाळी मागून घेतली. आता सातला जातात आणि दीडला घरी येतात. दीडला दोन ताटं वाढली जातात. बाड कपाटावर ठेवलंय, जेवताना काढायचं नाही असं ठरलंय, आणि धुरी समोर बघतात. सुरुवातीला बाई अवघडल्या. "असे काय बघताय? मी काय यंत्र आसय?" असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला, आणि मग भात जास्तीचा वाढून घेतला. रोज चारला त्या खुर्चीतून खाली उतरतात. पहिल्या महिन्यात वरवंटा घेऊन, मग सोनूबाईंनी तो परत मागितल्यावर खलबत्ता घेऊन, आणि आता नुसती चण्याची पुडी घेऊन. एकदा तर चणे वाटेतच संपले, तरी खुर्ची खाली आली.

रश्मीनं तो फोटो छापून दिला. धुरींनी तो बाडात सत्त्याण्णव नंबरच्या पानावर, टोपीवाल्या बाईच्या शेजारी लावला. चिकटवला नाही, कोपऱ्यात खोचला, म्हणजे उलटता येतो. परवा शेवंतीबाईंनी तो काढून मागची बाजू बघितली. धुरींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: शेवंती राजाराम धुरी. त्याखाली आकडे. त्रेपन्न. पंचावन्न. अठ्ठावन्न. साठ.

बाईंनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आणि यंत्राचा नाव? ता खंय लिवलात नाय?"

"ते राहू दे," धुरी म्हणाले. "तू आधी जेव."